कोकणातल्या खिडक्या आणि ‘निम्म्या वीजबिला’चा दावा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश सतत पुढे पाठवला जातो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जुन्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, दुहेरी काचेच्या खिडक्या बसवल्या की वीजबिल निम्म्यावर येते, झाडे वाचतात, खाऱ्या हवेतही पन्नास वर्षे हात लावावा लागत नाही आणि पावसाळ्यात घर कोरडे राहते. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत हे वाचून दोन घरांनी फणसाच्या धडधाकट चौकटी उखडून काढल्या, आणि तिसऱ्या घरी मापे घेऊन झाली आहेत. म्हणून या संदेशातला प्रत्येक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा वीजबिलाचा. दुहेरी काचेतून उष्णता कमी जाते, हे खरेच आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर साध्या एकेरी काचेतून सुमारे ५.७ वॅट उष्णता जाते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी ठेवली की हा आकडा, ज्याला यू-मूल्य म्हणतात, २.८ च्या आसपास येतो. मात्र प्रत्यक्ष बचत किती होईल हे तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर उणे ५ आणि घरात २० अंश असलेल्या थंड देशात दीड चौरस मीटरच्या एका खिडकीमागे शंभराहून अधिक वॅट वाचतात, आणि तेही हिवाळाभर, अहोरात्र. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी बाहेर ३३ आणि एसीच्या खोलीत २६ अंश धरले तर फरक अवघा ७ अंशांचा, आणि त्याच खिडकीमागची बचत सुमारे ३० वॅट उष्णतेची. एसी साधारण एक वॅट विजेत तीन वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे विजेची बचत उरली १० वॅट. रोज आठ तास एसी चालवला तरी महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रोज दहा तास फिरला, तर महिन्याला तेरा-चौदा युनिट वाचतात. आणि ज्या घरात एसीच नाही, त्या घरात दुहेरी काचेने विजेचे काय वाचणार?

खरी उष्णता येते ती थेट उन्हातून. पश्चिमेच्या खिडकीवर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडत असेल, तर त्याच दीड चौरस मीटरच्या खिडकीतून साधी एकेरी काच ६०० वॅटच्या आसपास आत सोडते आणि साधी दुहेरी काच साडेपाचशेच्या आसपास. ऊन परतवणारा खास थर असलेली काच यापेक्षा पुष्कळ अडवते, हे मान्य केले पाहिजे. पण संदेशात त्या थराचा उल्लेखही नाही. शिवाय ऊन काचेवर पडण्याआधीच अडवले तर साध्या काचेचेही काम भागते. आमच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर आम्ही मार्चमध्ये झावळ्यांची झडी, म्हणजे उभा आडोसा, बांधतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो. चार वाजताचे तिरपे ऊन मात्र छज्जाखालून आत घुसते, आणि तिथे अशी उभी आडोशाची झडीच लागते.

संदेश वाऱ्याबद्दल एक अक्षरही काढत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे हीच किनाऱ्यावरच्या घराची थंडावा देणारी यंत्रणा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेने, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, उष्ण-दमट विभागात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ घरातल्या चटई क्षेत्रफळाच्या किमान १६.६६ टक्के असावे असे सांगितले आहे. थंड विभागासाठी हेच प्रमाण ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर निम्मे आहे. सरकत्या दोन झडपांची खिडकी एका वेळी जेमतेम अर्धीच उघडते. बिजागरीवर उघडणाऱ्या झडपांच्या जागी ती बसवणे म्हणजे तेवढ्याच भोकातून येणारा वारा निम्मा करणे, आणि ज्या घरात कधी एसी लागला नाही तिथे तो लागू लागतो.

‘झाडे वाचतात’ हे म्हणणे तर मला पटतच नाही. ज्या फणसाची चौकट झाली तो साठ-सत्तर वर्षांपूर्वीच तोडला गेला. आज ती चौकट उखडून कोणते झाड वाचणार? यूपीव्हीसी खनिज तेल-वायूपासूनच्या रसायनातून आणि क्लोरीनमधून तयार होते. त्याचा पुनर्वापर होऊ शकतो, पण त्यासाठी तुटकी चौकट गावातून गोळा करून कारखान्यापर्यंत न्यावी लागते. ती परसात पालापाचोळ्याबरोबर जाळली तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू सुटतो. ॲल्युमिनियमशी तुलना केली तर यूपीव्हीसी निश्चित सरस आहे, कारण त्यातून उष्णता फारच कमी वाहते; पण संदेशातली तुलना लाकडाशी आहे, आणि लाकूडही उष्णतेला तितकेच अडवते.

‘हात लावावा लागत नाही’ याविषयी डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर राहणाऱ्या शेजाऱ्यांची नवी सरकती खिडकी दुसऱ्याच पावसाळ्यात अडकली. आम्ही दोघांनी झडप उचलून काढली तेव्हा खालचे चाक हातात येताच त्याचे तपकिरी पापुद्रे सुटले. खिडकीच्या खालच्या पन्हळीतले पाणी बाहेर जाण्याची भोके वाळूने बुजलेली होती आणि ते पाणी आतल्या भिंतीवर उतरले होते. यूपीव्हीसी स्वतः कुजत नाही, त्याला वाळवीही लागत नाही. पण खिडकीला चाके, स्क्रू आणि बिजागऱ्याही असतात, आणि खारी हवा आधी त्यांनाच धरते. दुहेरी काचेच्या कडेचे सील सुटले की दोन काचांमध्ये दमट हवा शिरून धुके धरते. ते पुसता येत नाही, काचेची जोडीच बदलावी लागते. त्याच वर्षी आमच्या एका झडपेची खालची पट्टी कुजली होती. सुतारकाकांनी खालची चार इंच कापून तिथे सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने बसवला, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे मारले, आणि दुपारपर्यंत झडप पुन्हा चौकटीत होती.

घर कोरडे राहण्याच्या दाव्याला दोन वाक्ये पुरेत. आषाढात बाहेरची हवाच ओलसर असते, त्यात स्वयंपाकाची वाफ आणि दोरीवरचे ओले कपडे यांची भर पडते; सगळे घट्ट बंद केले तर ती ओल आत कोंडते आणि कपाटामागे बुरशी धरते. झडीचा पाऊस आत येऊ नये यासाठी रुंद छज्जा आणि खिडकीच्या वर झरोका असला, तर झडपा मिटूनही हवा खेळती राहते.

खिडकी बदलणे योग्यच ठरेल अशी घरेही आहेत. वाळवीने चौकट आतून पोकळ केली असेल, घर मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला असून आवाज असह्य होत असेल, किंवा पश्चिमेच्या खोलीत रोज एसी चालत असेल, तर यूपीव्हीसी जरूर घ्यावी. मात्र झडपा बिजागरीवर पूर्ण उघडणाऱ्या असाव्यात, बिजागऱ्या आणि स्क्रू खाऱ्या हवेत कमी गंजणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आहेत असे बिलावर लिहून घ्यावे, आणि विक्रेत्याकडून काचेच्या यू-मूल्याबरोबरच ती किती ऊन आत सोडते तो एसएचजीसीचा आकडाही मागावा. बाहेरच्या लाकडी झडपा शाबूत असतील तर त्या काढू नयेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले, तेव्हा उडणारी कौले आणि फांद्या काचेपर्यंत पोचू न देणारी तीच एक गोष्ट खिडकीला होती.