संगीतावर पोट भरते का, असे विचारणाऱ्या पालकांसाठी

दहावी-बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे तबला शिकणाऱ्या मुलांचे पालक एकेक करून भेटायला येतात. मुलाचा हात चांगला आहे, विशारद या संगीत परीक्षेपर्यंत तो नक्की जाईल, पण यावर त्याचे पोट भरेल का, हा प्रत्येकाचा प्रश्न असतो. मी स्वतः साथसंगत आणि शिकवण्या यांवरच घर चालवतो, तरीही या प्रश्नाचा मला राग येत नाही. लेकराच्या उद्याच्या भाकरीची काळजी आईवडिलांनी करायची नाही तर कोणी करायची? (मुलींच्या बाबतीत हा प्रश्न फारसा विचारलाच जात नाही, कारण तिला कुठे घर चालवायचे आहे, असे आपण धरूनच चालतो, याचे मला फार वाईट वाटते.) मात्र कलेत पैसा नाही, म्हणून नोकरी धरावी आणि छंद म्हणून वाजवावे, हे जे उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेले आहे, ते मला मान्य नाही. पैसा आहे, तो वाजवणाऱ्याच्या हातात केव्हा आणि किती खात्रीने पडेल, याची व्यवस्था आपण कधी नीट लावलेली नाही.

आमचे वर्ष शेतकऱ्याच्या वर्षासारखे हंगामावर चालते. आषाढी एकादशीच्या सुमारास अभंगवाणीचे कार्यक्रम, मग गणपती, पितृपक्षातला शुकशुकाट, नवरात्र, दिवाळी पहाट आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत गावोगावचे संगीत महोत्सव. मधल्या रिकाम्या दिवसांत चूल पेटते ती शिकवण्यांवर, कथकच्या वर्गातल्या साथीवर आणि परीक्षेला बसलेल्या गायन-विद्यार्थ्यांच्या साथीवर. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षांवर कलावंत मंडळी टीका करतात आणि ती काही अंशी रास्तही आहे. पण तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एखाद्या शिक्षकाला बाराही महिने विद्यार्थी मिळतात ते या परीक्षांमुळे, हे विसरून चालणार नाही. उलट कथकच्या वर्गात पूर्वी लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात फिरत राहणारी धून, धरायला पेटीवाला लागत असे, तिथे आता मोबाइलवरचे ॲप वाजते आणि ते काम बहुतेक ठिकाणी गेले.

खर्चाची बाजू तर श्रोत्यांना दिसतच नाही. गायक काळी एक या स्वरपट्टीत (पेटीच्या पट्टीवरून पडलेले नाव) गाणार असेल तर लहान तोंडाचा तबला लागतो, गायिका पांढरी सहा किंवा काळी पाचमध्ये गाणार असेल तर मोठ्या तोंडाचा, आणि एकच तबला दोन्हीकडे चालत नाही. म्हणून साथीदाराच्या घरी तबल्यांची रांग असते. पावसाळी हवेत पुडी, म्हणजे तबल्याचे कातडे, उतरते, रियाजाने तिच्यावरची शाई, म्हणजे मधला काळा थर, उडते, मग पुडी बदलून घ्यावी लागते. दोन तासांच्या मैफलीमागचा हा खर्च आणि रोजचा रियाज कोणत्याही पाकिटात धरलेला नसतो.

पाकीट हा शब्द मी मुद्दाम वापरला. कार्यक्रम ठरवताना मुख्य कलाकाराशी रक्कम बोलली जाते. साथीदाराने विचारले तर ते अप्रशस्त समजले जाते. एका कार्यक्रमानंतर आयोजकांनी मला शाल, श्रीफळ आणि पाकीट दिले, आणि घरी येऊन उघडले तेव्हा त्यात जाण्यायेण्याचे भाडेही सुटत नव्हते. शाल मी आदरानेच घेतली होती. पण शाळेची फी शालीवर भरता येत नाही, आणि गृहकर्जाच्या अर्जाला पगारपत्रक लागते, ते आमच्याकडे कधीच नसते. 2020 च्या मार्चमध्ये सभागृहे बंद झाली तेव्हा रोजच्या कार्यक्रमांवर जगणाऱ्या कित्येक चांगल्या वादकांची मिळकत एका दिवसात शून्यावर आली, कारण त्यांच्या नावावर कोणताही लेखी करार नव्हता.

ही ओढाताण आजची नाही. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी दरबारच्या आश्रयाबाहेर पडून तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गवयाला समाजात मानाने उभे केले. पुढे मुंबईतली विद्यालयाची इमारत मात्र त्यांना कर्जापायी गमवावी लागली. ज्या माणसाने आमच्यासारख्या हजारोंना शिकवण्याचा व्यवसाय मिळवून दिला, त्याच्यावर ही वेळ यावी, याचा सल मला आजही आहे.

म्हणून पालकांना मी सांगतो की मुलाला जरूर या वाटेने जाऊ द्या, पण नुसता रियाज पुरणार नाही. त्याला साथ आणि एकलवादन दोन्ही येऊ द्या, शिकवायला शिकू द्या, ध्वनिमुद्रणाची माहिती घेऊ द्या, मिळकतीचा हिशेब ठेवून वेळेवर विवरणपत्र भरायची सवय लावा, आणि रक्कम आधी विचारण्यात लाज नाही, हे घरातूनच त्याच्या मनावर बिंबवा. पदवी घ्यावी की नाही, यावर मी वाद घालत नाही. ज्याला झेपते त्याने घ्यावी.

आणि आयोजक मित्रांना एक विनंती. यंदाच्या दिवाळी पहाटेची जुळवाजुळव आता सुरू होईल. साथीदारांची नावे पत्रिकेत छापा, त्यांचे मानधन आणि प्रवासखर्च तारीख घेतानाच लेखी कळवा, आणि कार्यक्रम झाल्यावर आठवडाभरात ती रक्कम त्यांच्या खात्यात जमा करा.