मार खाल्ल्यानं मन घट्ट होतं म्हणे

“आम्ही सरांच्या छड्या खाल्ल्या, बापाचा पट्टा खाल्ला म्हणून टणक झालो, आजची पोरं लाडानं नाजूक झाली म्हणून त्यांना डिप्रेशन येतं” असा मेसेज सोलापुरात नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. माझ्या मावशीनं तो थेट तिच्या बारावीतल्या पोराला पाठवला, जो सध्या धड जेवत नाही की झोपत नाही. म्हणून लिहावं लागतंय.

आधी ते माराचं. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या जवळपास ७०० मुलांवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं लक्ष ठेवलं. त्यातल्या बऱ्याच पोरांच्या घरी गरिबी, दारू, सततची भांडणं, आईबापाला मानसिक आजार, असं एकावर एक होतं. अशा घरांतल्या तीनातलं एक पोर तरीही चांगलं उभं राहिलं. आता त्रासानंच माणूस टणक होत असता तर बाकीचे दोघंपण व्हायला पाहिजे होते की, त्यांनीही तेच भोगलं होतं, पण त्यातल्या बहुतेकांना शिकण्यात, वागण्यात अडचणी आल्या. जी सावरली त्यांच्या पाठीशी निदान एक माणूस पक्का होता, आजी म्हणा, शिक्षक म्हणा, शेजारी म्हणा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळत वळत नातवंडांना सांभाळलेल्या आज्या किती सापडतील! तुम्ही टिकलात ते अशा कुणामुळं तरी, पट्ट्यामुळं नाही. आणि जे टिकले नाहीत ते मेसेज लिहायला येत नाहीत.

एक मान्य करतो, सगळं आयतं हातात देऊ नये. त्याच अभ्यासात सावरलेल्या पोरांना घरातली कामं, धाकट्यांची जबाबदारी असायची. पण काम देणं वेगळं न् बडवणं वेगळं, शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे.

“आमच्या वेळी डिप्रेशन नव्हतं”, होतं हो, तेव्हा त्याला बाहेरचं म्हणायचे आणि देवऋषाकडं न्यायचे.

मोबाईलमुळं डिप्रेशन येतं म्हणाल तर, रात्री दोनपर्यंत बघून झोप मोडते, तेवढं खरं.

सगळ्यात घातक त्या मेसेजची शेवटची ओळ आहे, “जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का असं पोरांना विचारू नका, नसतं डोक्यात भरतं.” अजिबात भरत नाही, विचारल्यानं धोका वाढत नाही हे तपासून झालंय. उलट मनातलं बोलायला वाट मिळते. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, हा सरकारी आकडा आहे आणि त्यात महाराष्ट्र पहिला. तेव्हा शांतपणे, सरळ विचारा. स्वतःला जमत नसेल तर १४४१६ वर फोन लावा, टेलिमानस ही मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्रीपण उचलतात.