तक्रारी लिहून द्या, बैठक दुसऱ्या कामाला ठेवा

नागरिक संघाची मासिक बैठक म्हटली की विषयपत्रिका न वाचताही सांगता येते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. जमाखर्चास मंजुरी. मग पाणी, कचरा, पार्किंग, रस्त्यावरचे दिवे. आणि सगळ्यात शेवटी, लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले की 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'.

माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बैठकीत जे खरोखर बैठकीशिवाय होऊच शकत नाही, ते आपण आयत्या वेळच्या विषयांत ढकलतो. आणि जे घरी बसून एका अर्जावर होऊ शकतं, त्यासाठी सगळ्यांची संध्याकाळ घालवतो.

तक्रारीचंच बघा. दिवा बंद आहे, तर खांबाचा क्रमांक, तारीख, एक फोटो आणि संबंधित कार्यालयाकडून मिळालेला तक्रार क्रमांक एवढं पुरतं. सभागृहात उभं राहून दहा मिनिटं संताप व्यक्त केल्याने दिवा लागत नाही. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो खांब कुठला हेही माहीत नसतं. एकच त्रास वीस घरांना असेल तर संयुक्त निवेदन हवं, हे मान्य. पण सह्यांचा कागद फिरायला पाच मिनिटं लागतात. तक्रार आणायची ती लेखी, चिटणीसांकडे, बैठकीच्या आधी. बैठकीत फक्त एवढंच वाचलं जावं: आलेल्या इतक्या, सुटलेल्या इतक्या, अडकलेल्या या, आणि या अडकलेल्यांचा पाठपुरावा अमुक जण करणार. पुढचा विषय.

मग उरलेल्या वेळात करायचं काय? आपल्या वस्तीत काय काय आहे ते शोधायचं.

एक बैठक सांगतो. सूचनाफलकाच्या काचेच्या दाराची किल्ली कोणाकडे असावी, यावर चर्चा रंगली होती. एक किल्ली की दोन, दुसरी उपाध्यक्षांकडे की खजिनदारांकडे, फलकावर वाढदिवसाच्या शुभेच्छा लावायच्या की नाही. सूचक झाले, अनुमोदक झाले, मग कोणीतरी संघाची घटना काढली. या सगळ्यात मागच्या रांगेत पहिल्यांदाच आलेल्या एक बाई हात वर करून बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, जरा थोडक्यात." त्यांना एवढंच विचारायचं होतं, की सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, काही आठवड्यांपुरती व्हीलचेअर कुठे मिळेल का? त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेले गृहस्थ म्हणाले, "आमच्या माळ्यावर आहे ना. वडील गेल्यापासून तशीच पडून आहे. कोणी घेऊन गेलं तर बरंच होईल."

मिनिटभराचं काम. किल्लीचा विषय मात्र पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

'वस्तीची साधनं' म्हटलं की कार्यकारिणीच्या डोळ्यांसमोर सभागृह आणि बँकेतली शिल्लक येते. पण माळ्यावरची व्हीलचेअर, वॉकर, उंच शिडी, ड्रिल मशीन हीसुद्धा साधनंच. निवृत्त झालेल्या परिचारिका, फॉर्म भरण्यात तरबेज असलेला मुलगा, खाणाखुणांची भाषा येणारी मुलगी, रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असणारे काका, हेही. अमेरिकेत जॉन क्रेट्झमन आणि जॉन मॅकनाइट या दोघांनी 1993 मध्ये हाच विचार व्यवस्थित मांडला: वस्तीकडे काय नाही याची यादी करण्याआधी काय आहे याची करा. आपल्याकडे पहिली यादी तोंडपाठ असते, दुसरी कोणी केलेलीच नसते.

आणि वस्तू-कौशल्यांपलीकडचं एक साधन म्हणजे माहिती. कोण एकटं राहतं, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाची जादा किल्ली कोणाकडे असते.

17 जानेवारी 1995 रोजी पहाटे पावणेसहाच्या सुमारास जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्यातून जी जिवंत निघाली त्यांतली बहुसंख्य घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलेली होती, कारण सरकारी पथकं सगळीकडे एकाच वेळी पोचूच शकत नव्हती. भूकंपाच्या केंद्राजवळ आवाजी बेटावर तेव्हा होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन पथकातल्या लोकांना कोणत्या घरातले आजी-आजोबा कोणत्या खोलीत झोपतात हे ठाऊक होतं. त्यामुळे नेमकं कुठे उकरायचं हे त्यांना विचारत बसावं लागलं नाही, आणि शोधकार्य त्याच दिवशी संपलं. 'कोण कुठल्या खोलीत झोपतं' ही माहिती कुठल्या कार्यालयाच्या नोंदीत असते? ती येण्याजाण्यातूनच मिळते.

त्याच वर्षी जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि आठवडाभरात नेहमीपेक्षा सातशेहून अधिक मृत्यू झाले. कितीतरी जण एकट्याने राहणारे वृद्ध होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे गरिबी होती, एकटे वृद्धही होते. तरी एकीकडचा मृत्युदर दुसरीच्या सुमारे दहापट. कमी मृत्यू झाले त्या वस्तीत रस्ते गजबजलेले, दुकानं चालू, त्यामुळे वृद्ध घराबाहेर पडत आणि दिसले नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येई. आता कोणी म्हणेल, यात बैठकीचा काय संबंध? तिथे बैठकीने नाही, रस्त्याने लोकांना वाचवलं. अगदी बरोबर. पण ज्या वस्तीत दार लावलं की शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही, तिथे ते रस्त्याचं काम कोणीतरी मुद्दाम करायला हवं. महिन्यातून एकदा सगळे एका खोलीत येतात ती जागा सोडून ते कुठे करणार?

"त्यासाठी व्हॉट्सॲप ग्रुप आहे की!" हे मी हजारदा ऐकलंय. ग्रुपवर व्हीलचेअरची चौकशी केली की खाली सुप्रभात, तीन फॉरवर्ड आणि एक राजकीय भांडण येतं, आणि चौकशी वर वाहून जाते. मुख्य म्हणजे 'मी रात्री एकटीच असते' हे कोणी ग्रुपवर लिहीत नाही. लिहूही नये. ते समोरासमोर, ओळख झाल्यावर, हळू आवाजात सांगितलं जातं.

म्हणून यादी करायची ती वहीत. पीडीएफ करून फिरवायची नाही. ज्याचं नाव त्याची संमती, आणि नको वाटलं त्या दिवशी नाव खोडायची मुभा. वस्तूंचं पान सगळ्यांना खुलं. एकट्या माणसांचं पान फक्त दोघांकडे, आणि त्या दोघांत एक तरी कार्यकारिणीबाहेरचा असावा. पदं बदलतात तेव्हा वह्या कुठे जातात ते आपण सगळे जाणतो.

उसनवारीचा प्रश्न निघणारच. "दिलेली वस्तू परत येत नाही हो." येते, पण नियम वापरणाऱ्यांनीच केले तर. अमेरिकेतल्या बर्कली शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने 1979 पासून पुस्तकांसारखी हत्यारं द्यायला सुरुवात केली, आणि ते काम अजून चालू आहे. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तर आयुष्यभर हेच पाहिलं: सामायिक कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी, मासेमारी लोक मिळून टिकवतात तेव्हा नेमकं काय करतात. वापरणारे कोण हे स्पष्ट असतं, नियमांत त्यांचा हात असतो, चूक झाली तर शिक्षा आधी हलकी आणि मग चढत जाणारी असते, आणि भांडण मिटवायला जवळची, स्वस्त जागा असते. शिडी उशिरा आली तर आधी एक फोन. दुसऱ्यांदा झालं तर वहीत लाल खूण. तिसऱ्यांदा त्या घराला काही महिने उसनवारी बंद. पहिल्याच उशिराला ग्रुपवर नाव जाहीर करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर ते कुटुंब बैठकीला फिरकत नाही, आणि शिडीही फिरकत नाही.

इतिवृत्ताबद्दल एकच. 'सविस्तर चर्चा झाली' हे वाक्य बंद करा. काम काय, कोण करणार, कधीपर्यंत, एवढे तीन रकाने पुरेत. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो ठराव झालाच नाही असं धरायचं.

पुढच्या बैठकीसाठी मी चिटणीसांकडे विषय लेखी दिला आहे: साधनांची वही सुरू करणे, आणि तो क्रमांक एकवर घेणे. खजिनदारांचं म्हणणं, प्रत्येक वस्तूसाठी अनामत रक्कम घ्यावी. माझा विरोध आहे. ज्याला व्हीलचेअर उसनी मागावी लागते, त्याच्याकडे अनामत भरायला त्या आठवड्यात पैसे असतीलच असं नाही. झीज आणि दुरुस्ती संघाच्या वर्गणीतून व्हावी. सभागृहाला दर दोन वर्षांनी रंग काढतो त्यापेक्षा हा खर्च नक्कीच कमी होईल. खजिनदारांची बाजू पटत असेल त्यांनी येऊन बोलावं, मतदान होईल. फक्त वेळेवर या. तो विषय या वेळी शेवटी नाही.