साहेबांनी गुन्हेगारांची वकीलपत्रं घेतली होती

मागच्या गुरुवारी आमचे सर गेले. वय ७८, वकिलीची सनद घेऊन ५१ वर्षं झालेली. नाव लिहीत नाही, घरच्यांना ते फेसबुकवर नको आहे. आमच्या जिल्ह्यातल्या मंडळींना कळायचं ते कळलंच असेल.

शुक्रवारी बाररूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, शोकसभा झाली. फोटोला हार, दोन मिनिटं स्तब्धता, मग भाषणं. तिसरे की चौथे वक्ते म्हणाले, "साहेबांनी हयातीत एकाही गुन्हेगाराचं वकीलपत्र घेतलं नाही." माना डोलल्या. पुढच्यांनी तेच वाक्य जरा फुलवून सांगितलं. संध्याकाळी ग्रुपवर शोकप्रस्तावाचा मसुदा आला, तर हे वाक्य त्यात टाइप होऊन बसलेलं.

मी १९९८ पासून नऊ वर्षं सरांची ज्युनियर होते. त्यांच्या फायली मी बांधल्या आहेत, नकलांसाठी खिडकीवर मी उभी राहिले आहे. सर फौजदारीच चालवायचे. खून, हाफ मर्डर, दरोडा, मधूनच एखाद्या पतसंस्थेची अफरातफर. गुन्हेगारांची वकीलपत्रं घेतली नाहीत म्हणता, मग ५१ वर्षं माणूस काय करत होता? सातबारा दुरुस्त करत होता?

बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मला कळतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. पण ज्या गोष्टीसाठी सरांची आठवण ठेवायला हवी, तीच डाग समजून पुसायची, हे मला पटत नाही.

२००६ सालची गोष्ट. एका गावात एकट्या राहणाऱ्या म्हातारीचा दागिन्यांसाठी खून झाला. गावातलाच विशीतला पोरगा धरला. जिल्हा पेटला होता. बाररूममध्ये बैठक बसली, लेखी ठराव नाही झाला, पण तोंडी ठरलं की याच्या बाजूने कुणी उभं राहायचं नाही. सर बैठकीत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराची आई ऑफिसच्या पायरीवर बसली होती. दुपारी वकीलपत्रावर त्याची सही आणायला मला जेलवर पिटाळलं. वकीलपत्रावर वकील कल्याण निधीचं, म्हणजे वेल्फेअरचं, तिकीट लावायचं राहिलं म्हणून वर माझ्यावरच ओरडले.

पुढे केस सुनावणीला बोर्डावर आली. पोराने शेतात लपवलेला कोयता काढून दिला, असा पोलिसांचा पंचनामा होता. पंच नंबर दोन गावचा शिंपी. सरकारी वकिलांनी सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली तपासणी, नीट घेतली. सर उलटतपासाला उठले आणि पहिली दहा मिनिटं शेत कुठं, विहीर कुठं, चालत गेलात की जीपने, असलंच विचारत राहिले. मला वाटलं, आज काही खरं नाही. मग म्हणाले,

"कोयता कागदात गुंडाळून लाखेचं सील केलं, असं लिहिलंय. लाख कुणी आणली?"

"पोलिसांनी."

"वितळवली कशावर?"

पंच गप्प.

"मेणबत्ती होती? काडेपेटी?"

"साहेब, वारं लय होतं. काय पेटंना."

"मग?"

"मग म्हनले, ठाण्यात जाऊन करू."

सर लगेच खाली बसले. एकही जास्तीचा प्रश्न नाही. फेरतपासात सरकारी वकिलांनी खूप सावरायचा प्रयत्न केला, पण सुटलेलं वाक्य सुटलं. कोयत्यावरच्या रक्ताचा रासायनिक अहवाल, ज्यावर सगळी केस उभी होती, तो तिथंच लंगडा झाला. शेतापासून ठाण्यापर्यंत कोयता बिनसिलाचा होता. बाकी पुराव्यात फारसा दम नव्हताच. संशयाचा फायदा देऊन पोराला सोडलं.

खून त्यानेच केला होता का? मला माहीत नाही. सरांनाही नव्हतं. ते पक्षकाराला हा प्रश्न कधी विचारायचेच नाहीत. निकालानंतर दूधवाल्याने सरांच्या घरी दूध घालायचं बंद केलं. दोन महिने काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, दुकानातून पिशवीचं दूध आणत होत्या. शोकसभेत भाषण केलेल्यांपैकी दोघे तर त्या काळात कँटीनमध्ये सरांच्या टेबलावर बसत नव्हते. तेव्हा बसला नाहीत, ठीक आहे. पण आता निदान ती केस झालीच नाही असं तरी म्हणू नका.

ज्यांना वाटतं की सरांनी काही भलतंच केलं, त्यांच्यासाठी थोडा कायदा. संविधानाच्या कलम २२(१) प्रमाणे अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्क आहे. बार कौन्सिलच्या नियमातच लिहिलंय की आरोपी दोषी आहे असं वकिलाचं स्वतःचं मत असलं, तरी त्याने बचाव करायचा. आणि डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असे बारचे, म्हणजे वकील संघटनांचे, ठराव रद्दबातल आहेत. त्याच्या वर्षभर आधीच, २००९ मध्ये, कसाबसाठी कोर्टाने नेमलेल्या वकीलबाईंच्या वरळीतल्या घरावर दगडफेक झालेली आपण टीव्हीवर बघितली होती. मोहम्मद रफी निकालाची झेरॉक्स सरांनी काढली, वाचली आणि त्या पोराच्या जुन्या फायलीत लावून ठेवली. कुणाला दाखवली नाही. मला तरी ती नंतर एक नक्कल शोधताना सापडली.

सरांच्या खुर्चीमागे एकच फोटो होता, सार्वजनिक काकांचा. गणेश वासुदेव जोशी म्हटलं की आपल्याला १८७० सालची पुण्याची सार्वजनिक सभा आठवते, दिल्ली दरबाराला खादी घालून गेलेले काका आठवतात. सरांचा हिशेब वेगळा होता. नव्या ज्युनियरला ते विचारायचे, "काका धंद्याने कोण होते?" वकील, असं उत्तर आलं की पुढची गोष्ट सुरू. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांना पकडून पुण्यात खटला चालला, तेव्हा सरकारच्या धाकाने कुणी जवळ जाईना. काकांनी वकीलपत्र घेतलं. खटला गेला, फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, एडनला पाठवलं. १८८३ मध्ये ते तिथेच वारले. काका तर त्याच्याही आधी, २५ जुलै १८८० ला, वयाच्या ५२ व्या वर्षी गेले. "हरलेल्या केसचा वकील आहे हा," सर फोटोकडे बोट करून म्हणायचे. फडके आणि दागिन्यांसाठी खून केल्याचा आरोप असलेला पोरगा यांची बरोबरी होत नाही, हे त्यांनाही कळत होतं. मी एकदा तसं बोललेही. "वकीलपत्राचा कागद तोच असतो," एवढंच उत्तर आलं, आणि चहा सांगायला पाठवलं.

ते देवमाणूस होते, असं मात्र मी म्हणणार नाही. तापट होते, फीची पावती वेळेवर कधी दिली नाही. आणि एक गोष्ट मला आजही खटकते. २००१ मध्ये बलात्काराच्या एका केसमध्ये त्यांनी फिर्यादी मुलीला तिच्या चारित्र्यावरून प्रश्न विचारले. तेव्हा पुरावा कायद्यात कलम १५५(४) होतं, ते तशी मुभा द्यायचं. मी मागच्या खुर्चीत बसून टिपणं काढत होते आणि माझा हात थांबला होता. २००२ च्या दुरुस्तीने ते कलम गेलं. पुढे एकदा गाडीत, मी विषय काढलेला नसताना, म्हणाले, "कायद्यात होतं म्हणून विचारलं. विचारायला नको होतं." शोकप्रस्तावात हेही लिहा असं मी म्हणत नाही. पण माणूस एवढा मोकळा होता, तर त्याच्याबद्दल खोटं तरी कशाला?

१ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले, तेव्हा आमच्यातले बरेच जण वैतागलेले. सरांनी छोट्या वहीत पेन्सिलने दोन रकाने आखले, एकात जुनं कलम, दुसऱ्यात नवं. खुनाच्या ३०२ समोर १०३, ३०७ समोर १०९, ४२० समोर ३१८. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी रोज पाच कलमं. ती वही काकूंनी मला दिली. शेवटच्या पानावर पुरावा कायद्याचं जुनं २७, नवं २३, म्हणजे आरोपीने काढून दिलेल्या वस्तूच्या पुराव्याचं कलम, आणि बाजूला एकच शब्द: लाख.

शोकसभेनंतर सगळ्यांनी कामकाज बंद ठेवून पुढच्या तारखा घेतल्या. जेलमधून आणलेले सहा आरोपी गाडीतून तसेच परत गेले. सरांनी तारीख मागितलेली मी नऊ वर्षांत चारदाच पाहिली, त्यातली एक स्वतःच्या वडिलांच्या दहाव्याची.

सोमवारी सेक्रेटरींना भेटले. म्हटलं, ते एक वाक्य काढा, तिथे लिहा की ज्यांच्यासाठी कुणी उभं राहत नव्हतं, त्यांची वकीलपत्रं साहेबांनी घेतली. ते म्हणाले, "मॅडम, फ्रेम करून घरी द्यायचाय प्रस्ताव. बरं दिसेल का ते?" मी काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. पलीकडून काकू म्हणाल्या, "दुधाचं पण लिहा त्यात."