कापूस कमी, कापूस जास्त

तयार कॉइल, म्हणजे ई-सिगारेटमधलं लिक्विड तापवून त्याची वाफ करणारं तारेचं वेटोळं, विकत घ्यायची, खराब झाली की फेकायची आणि नवी लावायची, असं वागणारे व्हेपवाले सुखी असतात. आम्ही पडलो स्वतः तार गुंडाळून, तिच्यात स्वतः कापूस ओवणारे. खर्च वाचतो, चव खुलते, हाताला कला येते, असं या पंथात येताना सांगतात. घशाला काय येतं ते कुणी सांगत नाही.

लिक्विडच्या बाटलीवर व्हॅनिला लिहिलेलं असतं. वास व्हॅनिलाचा, रंग व्हॅनिलाचा. ऐटीत बटण दाबून एक झुरका घ्यावा, तर घशात उतरते जळक्या चिंधीची धुरी. डोळ्यांत पाणी, छातीत ठसका, आणि पुढचा तासभर जिभेवर तीच चिंधी. याला जाणकार 'ड्राय हिट' म्हणतात. इतक्या असभ्य प्रकाराला इतकं सभ्य नाव मी दुसरं ऐकलेलं नाही.

कारण म्हणावं तर अगदी सोपं आहे. तार तापते, कापसातलं लिक्विड उकळून त्याची वाफ होते, आणि उडालेल्या लिक्विडची जागा भरायला कापसाच्या दोन शेपट्या खालून नवं लिक्विड वर ओढतात. कापूस ओला आहे तोवर उष्णता वाफ करण्यात खर्च होते. तो सुकला की तिला दुसरं काही काम उरत नाही, मग ती कापसालाच धरते. दोनशे अंशांच्या पुढेमागे कापसाची तब्येत बिघडायला लागते आणि आपली लगेच त्याच्यामागोमाग. थोडक्यात, तारेजवळचा कापूस सुकला. आता तो का सुकला, एवढंच शोधायचं. या 'एवढंच'मध्ये माझे कित्येक रविवार गेले आहेत.

कॉइलचा फोटो दोन अनुभवी मित्रांना पाठवला. पहिल्याचं उत्तर: "अरे, उशी भरतोयस का? कापूस किती ठासलायस!" दुसऱ्याचं: "कापूस फारच कमी घेतलायस रे." फोटो तोच, कॉइल तीच. आणि छळ असा, की दोघांचंही शास्त्र बरोबर. कापूस ठासला की लिक्विडला वर चढायला वाटच राहत नाही. विरळ ठेवला की तार आणि कापूस यांच्यात फट पडते, कापसात लिक्विडचा साठाही जेमतेम राहतो आणि दोन झुरक्यांत सगळं कोरडं. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच. रोग एक, औषधं दोन, आणि ती एकमेकांच्या जिवावर उठलेली.

मग मध्यममार्ग कळला. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडला पाहिजे. कॉइल वाकली तर जास्त झाला, सुळकन निघून आला तर कमी. हे 'किंचित' मोजण्याचं यंत्र अजून बाजारात आलेलं नाही.

कॉइलच्या पोटातलं जमलं तरी शेपट्या उरतातच. नुसता डेक, म्हणजे कॉइल बसवायची बैठक, असेल तर त्या खाली लिक्विडच्या हौदात टेकल्या की झालं. टँकवाल्या डेकमध्ये मात्र लिक्विड आत यायच्या वाटा त्यांनी झाकायच्या, पण बुजवायच्या नाहीत. झाकल्या नाहीत तर सगळं लिक्विड खिशात, बुजवल्या तर करप घशात. म्हणून शेपट्या तिरप्या कापायच्या, टोकं सुईने विंचरून विरळ करायची, मग चिमट्याने हळूच खाली बसवायच्या. स्वतःचे केस मी इतक्या मायेने कधी विंचरलेले नाहीत.

पूर्वी काचतंतूंची, म्हणजे सिलिकाची, वात असायची म्हणे. ती करपायची नाही, पण काचेचे तंतू फुफ्फुसात गेले तर काय, ही धास्ती. त्यापेक्षा करपलेला कापूस बरा, असं लोकांनी ठरवलं असावं. कापसातही साधा कच्चा चालत नाही. त्याच्या धाग्यावर निसर्गाने मेणाचा हात फिरवलेला असतो आणि तो लिक्विड धड पिऊ देत नाही. म्हणून धुऊन मेण काढलेला कापूस घ्यायचा.

कापूस निर्दोष सुटला की संशय तारेवर. कापूस आधी काढायचा, कमी वॅटवर थोडं थोडं बटण दाबायचं आणि तार कुठून लाल होते ते पाहायचं. मधून बाहेर एकसारखी लाल व्हायला हवी. एखादाच वेढा आधी पेटला तर सिरॅमिकच्या चिमट्याने तार खरवडायची, वेढे हलकेच दाबायचे. चिमटा सिरॅमिकचाच हवा. बटण दाबलेलं असताना धातूचा लावला तर वीज कॉइल सोडून चिमट्यातून पळते, आणि तो शॉर्ट सर्किट कुठल्याही ठसक्यापेक्षा महागात पडतो.

त्यानंतर वॅटचा हिशेब. अर्ध्या ओहमच्या कॉइलला भरलेल्या बॅटरीचे ४.२ व्होल्ट थेट मिळाले तर सुमारे ३५ वॅट होतात. आमचा एक मित्र वाफेच्या मोठ्या ढगांच्या हव्यासापायी वॅटचा आकडा वाढवतच नेतो आणि वर ग्लिसरीन जास्त असलेलं दाट लिक्विड वापरतो. दाट लिक्विड सावकाश चढतं आणि याला तर दम निघत नाही. एक झुरका संपायच्या आत दुसरा. त्याला म्हटलं, जरा थांब, कापसाला पिऊ दे. तर म्हणाला, "कापसासाठी ओढतोय का मी?"

सगळ्यांत वाईट प्रसंग तेव्हाचा, जेव्हा उघडून पाहावं तर कापूस पांढराशुभ्र आणि चव तरी करपटच. इथे आरोपी वेगळा असतो: गोड लिक्विडमधलं सुक्रालोज. ते तारेवर जळून काळं कवच धरतं. अशा वेळी कापूस काढून तार तापवायची, थंड झाल्यावर धुवायची आणि नवा कापूस ओवायचा. खरोखर करपलेल्या कापसाला मात्र इलाज नाही. त्याच्यावर कितीही लिक्विड ओता, तो ते पितो आणि चव जुनीच देतो. फेकून द्यावा. कोरड्या कापसावर ओढलं की फॉर्माल्डिहाइडसारखी घातक द्रव्यंही वाढतात, तेव्हा 'दोन झुरक्यांत जाईल' म्हणणाऱ्या मित्रापेक्षा घसा जास्त शहाणा समजावा.

बायको हा संसार रोज पाहते. एकदा म्हणाली, "अहो, ओढायचंच सोडा की. कसलीच चव येणार नाही." सगळ्या निदानांत हे एकच बिनचूक असल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

परवा पहिला मित्र नवा डेक घेऊन आला. तारेऐवजी जाळी लावायची, मेश म्हणतात. जाळी सगळीकडून एकसारखी तापते, त्यामुळे करपण्याची भानगड कमी, असं त्याचं म्हणणं. मी मोठ्या कौतुकाने ती उलटसुलट करून पाहिली, चिमटा उचलला, कापूस नेहमीसारखा हलक्या हाताने विंचरून घेतला.

"इतका कमी?" तो ओरडला. "जाळीला कापूस चिकटून बसायला हवा, नाहीतर जिथे फट राहील तिथे करपणार. ठास चांगला!"