आपलेपणानं माग, एवढीच किंमत

गेल्या रविवारी आम्ही शेक्सपिअरचं 'कोरिओलेनस' मोठ्यानं वाचलं. सात जण, एका मैत्रिणीच्या घरी, दुपारी अडीचपासून दिवेलागणीपर्यंत. प्रती इंग्रजी, पण ज्याची पाळी येईल त्यानं आपल्याला सुचेल तसं मराठीत सांगत जायचं असं ठरलं होतं. तेव्हापासून हे नाटक डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

शेक्सपिअर आपल्याला परका नाही. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. या रोमन सेनापतीचं नाव मात्र आपल्या गप्पांत फारसं निघत नाही. निघालंच तर एकाच सुरात निघतं: ताठ कण्याचा माणूस, ढोंग जमलं नाही, म्हणून कृतघ्न लोकांनी हाकलून दिला. एम.ए.ला असताना मीही पेपरात हेच लिहिलं होतं आणि मनापासून लिहिलं होतं. आज मला ते साफ चुकलेलं वाटतं.

नाटक सुरू कुठे होतं बघा. रोमच्या रस्त्यावर, लाठ्याकाठ्या घेऊन निघालेल्या उपाशी माणसांत. कोठारं धान्यानं भरलीत आणि आम्ही भुकेनं मरतोय, ही त्यांची तक्रार. त्यांच्यातलाच एक जण सांगतो, हे मी भाकरीच्या भुकेपोटी बोलतोय, मला सूड नकोय. मूळ कथा प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कची. पण प्लुटार्ककडे पहिला उठाव सावकारीच्या जाचावरून होतो, धान्याची टंचाई नंतर येते. शेक्सपिअरनं भूक उचलून पहिल्या पानावर आणली. नाटक १६०८च्या सुमाराचं मानतात. १६०७ मध्ये त्याच्याच वॉरिकशरमध्ये आणि शेजारच्या परगण्यांत, गावाच्या सामायिक जमिनींना कुंपणं पडली म्हणून शेतकरी उठले होते, धान्य महागलं होतं. ही भूक त्याला रोममध्ये शोधायला जावं लागलं नसणार.

या माणसांसमोर केयस मार्शियस, म्हणजे पुढचा कोरिओलेनस, येतो आणि पहिल्याच वाक्यात त्यांना शिव्या घालतो. तुमची मतं म्हणजे खाज, ती खाजवून खाजवून तुम्ही स्वतःच खरूज झालात, असं काहीसं.

त्याच्या शौर्याबद्दल शंका घेण्यासारखं काही नाही. रोमचे शत्रू असलेल्या व्होल्सी लोकांच्या कोरिओली शहरात तो वेशीतून एकटा आत घुसतो, मागे दरवाजे बंद होतात आणि तरी तो रक्तानं माखून जिवंत बाहेर येतो. लुटीतला दहावा हिस्सा देऊ केला तर घेत नाही. तिथेच त्याला 'कोरिओलेनस' ही पदवी मिळते. आणि लगेच तो एकच गोष्ट मागतो: या शहरात एका गरिबाच्या घरी मी कधीकाळी राहिलो होतो, त्यानं माझं चांगलं केलं, तो आता कैदी आहे, त्याला सोडा. सेनापती विचारतो, नाव काय त्याचं? आणि हा म्हणतो, अरे देवा, विसरलोच. थकलोय. जरा वाइन आहे का?

आमच्याकडे हा भाग वाचणारे काका इथे थांबले. मागचं पान पुन्हा उलटून बघितलं, काही सुटलं का म्हणून. काही सुटलं नव्हतं, विषय तिथेच संपतो. प्लुटार्ककडे हा यजमान श्रीमंत आहे आणि नाव विसरण्याचा प्रसंगच नाही. शेक्सपिअरनं त्याला गरीब केलं आणि मग विसरायला लावलं. मला सगळा मार्शियस या चार ओळींत दिसतो. मन मोठं आहे, पण ज्याच्यासाठी ते मोठं होतं त्या माणसाचा चेहरा त्याला आठवत नाही.

आता बाजारचौकातला प्रवेश. कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, व्हायचं तर साधा झगा घालून चौकात उभं राहायचं, अंगावरच्या जखमा लोकांना दाखवायच्या, त्यांचा कौल मागायचा, अशी रीत. त्याच्या जखमा आधीच मोजून झाल्यात. आई व्हॉल्युम्निया आणि घरचा वडीलधारा मित्र मेनेनियस दागिने मोजावेत तशा मोजतात. आधीच्या पंचवीस, आता सत्तावीस. प्लुटार्कचा मार्शियस त्या जखमा दाखवतो. शेक्सपिअरचा दाखवत नाही, नंतर एकांतात दाखवीन म्हणतो. लोकांना भेटायला बोलवायची वेळ येते तेव्हा म्हणतो, त्यांना सांगा तोंडं धुऊन या, दात घासून या.

तो खवचटपणे विचारतो, बरं, कॉन्सलपदाची तुमची किंमत काय? एक नागरिक, ज्याला नाटकात नावही नाही, उत्तर देतो की किंमत एवढीच, ते 'काइंडली' मागायचं.

या एका शब्दावर आमची वीस मिनिटं गेली. 'नम्रपणे' म्हटलं तर सरकारी अर्ज होतो. 'गोडीनं' म्हटलं तर लाडीगोडी. शेक्सपिअरच्या काळी 'काइंड' म्हणजे दयाळू, तसाच आपल्या जातकुळीचा, आपल्या रक्ताचा असाही अर्थ होता. मग कोपऱ्यात बसलेल्या एका काकूंनी, ज्या तोवर फक्त ऐकत होत्या, सहज म्हटलं, "आपलेपणानं माग." बस. आम्ही सगळ्यांनी आपापल्या प्रतीत पेन्सिलीनं लिहून घेतलं.

म्हणून मी म्हणते की लोकांनी फार काही मागितलं नव्हतं. लोटांगण मागितलं नव्हतं, खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. उलट त्यांच्यातलेच काही म्हणतात, यानं देशासाठी केलंय, नाही म्हटलं तर आपण कृतघ्न ठरू. मतं देतातसुद्धा. पुढे दोन ट्रिब्यून, म्हणजे लोकांचे निवडलेले प्रतिनिधी, कान भरतात, कौल फिरवतात आणि हद्दपारीपर्यंत नेतात. ते डावपेची आहेत, मान्य. पण त्यांनी चेतवलेला अपमान खरा होता, तो त्यांनी बनवलेला नव्हता.

हे त्याच्यात आलं कुठून, तेही नाटकात आहे. त्याच्या लहान मुलाची गोष्ट एक बाई कौतुकानं सांगते. सोनेरी फुलपाखरामागे पोरगं धावतं, पकडतं, सोडतं, पुन्हा पकडतं, मग पडतं आणि दात खाऊन त्या फुलपाखराच्या चिंध्या करतं. आजी ऐकते आणि म्हणते, अगदी बापासारखा. तिला आनंद होतो.

शेवटी तोच हद्दपार मार्शियस शत्रूला जाऊन मिळतो आणि व्होल्सींचं सैन्य घेऊन रोम जाळायला येतो. आई, बायको, मुलगा छावणीत येतात. तो स्वतःला बजावतो की मी असा उभा राहीन, जणू माणूस स्वतःच स्वतःला जन्माला घालतो, त्याला गणगोत नसतंच. आई गुडघे टेकते, देशाचं सांगते, कीर्तीचं सांगते. काहीच लागू पडत नाही. मग ती उठते, चला म्हणते, याची आई कुणी व्होल्सी बाई असेल, बायको कोरिओलीत असेल, हे पोर याच्यासारखं दिसतं तो योगायोग.

इथे छापील प्रतीत रंगसूचना आहे: तो तिचा हात धरतो, गप्प. आमच्या वाचनात व्हॉल्युम्निया करणारी मैत्रीण थांबली. मार्शियस करणाऱ्यानं पुढचं वाक्य लगेच घेतलंच नाही. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मग तो हळूच म्हणाला, "आई, काय केलंस हे?" रोमनं मागितलेला आपलेपणा त्याला घरच्यांनी तोडून टाकल्यावरच कळला आणि तोवर त्या कळण्याची किंमत त्याचा जीव झाली होती. त्याला ते ठाऊकही आहे, तो आईला तसं सांगतो.

रोमला सोडून व्होल्सींकडे परत जातो तर त्यांचा सेनापती ऑफिडियस कोरिओलीच्या भर चौकात त्याला 'कोरिओलेनस' म्हणायचं नाकारतो. ते नाव तू आमच्याकडून चोरलंस. वर 'रडकं पोर' म्हणतो. हा भडकतो, तुमच्या कोरिओलीत मी एकट्यानं हे केलं, असं त्याच शहराच्या लोकांना ओरडून सांगतो. आणि लोक त्याच्यावर चालून येतात. माझा मुलगा मारलास. माझी मुलगी. माझा भाऊ मार्कस. माझे वडील.

मार्कस. एवढंच एक नाव त्या गर्दीतून येतं आणि बोलणारा ते विसरलेला नाही.

मी त्या गरीब यजमानाला शोधत शेवटचा प्रवेश पुन्हा वाचला. तो कैदेतच गेला की सुटला, त्या दिवशी चौकात होता की नव्हता, असला तर यानं त्याला ओळखलं असतं का. नाटकात त्याच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही.