दादाचा 'लो' आलेला रिपोर्ट

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच प्रकार. मावसभावाने व्हिडिओ टाकलाय. दंड फुगवलेला एक इसम कॅमेऱ्यात बघून सांगतोय की जाड माणसांच्या अंगात ग्रोथ हार्मोन कमी असतं, म्हणून पोट सुटतं, म्हणून हार्टचा त्रास होतो, तेव्हा इंजेक्शनं घ्या, चरबी जाईल आणि हार्ट तरुण होईल. खाली नऊ अंगठे. नऊ! त्यातला एक माझ्या सख्ख्या काकूचा, जिच्या डोळ्यांदेखत आम्ही दादाची अंगठी कापून काढली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दादा लहानपणापासून अंगाने भारी, चाळिशीत ११८ किलो, आणि सगळं पोटावर. कुणीतरी सांगितलं म्हणून एका क्लिनिकमध्ये गेला (नाव विचारू नका, सांगणार नाही). तिथे रक्त काढलं, रिपोर्ट आला, ग्रोथ हार्मोनसमोर लाल अक्षरात 'लो'. तो कागद घेऊन दादा घरी आला तेव्हाचा त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. घाबरलेला नव्हता हो, खूश होता. म्हणाला, "बघ, माझ्यात हार्मोनच कमी आहे. मी आळशी नाहीये."

दुसऱ्या आठवड्यापासून इंजेक्शनं सुरू, पोटात रोज एक टोचून घ्यायचं.

आता जरा ऐका, कारण हे मला नंतर एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट (म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर) बाईंनी समोर बसवून नीट समजावलं आणि तेव्हापासून मी पेटलेलीच आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यातून हे हार्मोन येतं. पण नळासारखं सलग वाहत नाही, उचक्या लागल्यासारखं येतं आणि सगळ्यात मोठी उचकी रात्री गाढ झोप लागल्यावर. मधल्या वेळात कुणाचंही रक्त काढा, पैलवानाचं काढा, आकडा शून्याच्या आसपासच निघणार. म्हणजे दिवसाढवळ्या एकदा रक्त घेऊन त्यावर 'लो' लिहायचं, याला तपासणी म्हणायचं का? नीट टेस्ट असते, औषध देऊन पिट्युटरीला डिवचायचं आणि किती सुटतं ते बघायचं, आणि त्यातसुद्धा जाड माणसाची पास व्हायची रेघ वेगळी. जीएचआरएच आणि आर्जिनिन ही औषधं देऊन करतात त्या टेस्टमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ च्या खाली असेल तर रेघ ११.५ वर, ३० च्या वर असेल तर ४.२ वर. सगळ्यांना एकच रेघ लावली तर पिट्युटरी ठणठणीत असलेली जाड माणसं उगाच नापास होतात. दादाची तर ही टेस्ट केलीच नव्हती.

आणि त्यापुढचं ऐकून मी गप्पच झाले. पोटाची चरबी जास्त असली की हे हार्मोन खरंच कमी सुटतं. म्हणजे तेवढ्यापुरता तो व्हिडिओवाला खोटं बोलत नाहीये, पण त्याने गाडी बैलांच्या पुढे जुंपलीय. चरबीतून रक्तात उतरणारी फॅटी ॲसिडं आणि चढलेलं इन्सुलिन, ही दोघं मिळून पिट्युटरीला दाबून ठेवतात, वर जे काही थोडंफार सुटतं ते शरीर भराभर संपवून टाकतं. वजन उतरलं की बऱ्याच अंशी ते आपोआप परत यायला लागतं. आणि लिव्हर या हार्मोनच्या सांगण्यावरून आयजीएफ-१ नावाचं जे बनवतं, ते अशा माणसांत पुष्कळदा नॉर्मलच असतं. दादाचं नॉर्मलच होतं. क्लिनिकवाल्यांनी ते बघायची तसदीच घेतली नव्हती, का घेतली असती, बघितलं असतं तर इंजेक्शनं कुणाला विकली असती!

तर अंगठी. महिनाभरात दादाची बोटं सुजली. लग्नातली अंगठी रुतून बसली, साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला, शेवटी कापली. रात्री हाताला मुंग्या येऊन उठून बसायचा. शुगर, जी आयुष्यात कधी वर गेली नव्हती, ती चढली. हे हार्मोन अंगात पाणी धरून ठेवतं, मनगटातली नस दाबली जाते, आणि इन्सुलिनला ते काम करू देत नाही, एवढं साधं आहे ते. आणि क्लिनिकमध्ये फोन केला तर काय सांगितलं माहितीये? "औषध लागू पडतंय." अंगठी कापावी लागली तर म्हणे लागू पडतंय!

हार्ट तरुण होतं म्हणणाऱ्यांनी ॲक्रोमेगाली हा शब्द एकदा शोधून बघा. पिट्युटरीत गाठ होऊन हे हार्मोन वर्षानुवर्षं जास्त सुटत राहतं तो आजार. हातपाय वाढतात, जबडा पुढे येतो, बीपी आणि शुगर वाढते आणि हृदयाच्या भिंती जाड होतात. जाड, तरुण नाही.

बरं, लगेच कमेंटमध्ये कुणीतरी येणारच म्हणून आधीच लिहिते. ज्यांची पिट्युटरी ऑपरेशनने किंवा रेडिएशनने खरोखर निकामी झालीय त्यांना हे इंजेक्शन लागतं आणि त्याचा फायदा होतो, मान्य. पोट सुटलेल्या माणसांवर छोटे छोटे प्रयोग झालेत, त्यात आतली चरबी थोडी उतरली, हेही मान्य. पण चरबी उतरली म्हणजे हार्ट अटॅक टळला असं होत नाही, ते वेगळं मोजावं लागतं. हा सगळा बाजार ज्या अभ्यासाचं नाव घेऊन उभा राहिला तो १९९० चा, साठी ओलांडलेले २१ पुरुष, त्यातल्या १२ जणांना सहा महिने इंजेक्शनं. स्नायू वाढले, चरबी घटली. एवढंच. अटॅकचा त्यात हिशोबच नव्हता. १२ माणसं!

आणि मी इंजेक्शनच्या विरोधात नाही हो. वजन उतरवायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनचं बघा, २०२३ मध्ये निकाल आला, १७,६०४ माणसं, वजन जास्त आणि हृदयाचा आजार आधीच असलेली, डायबेटीस नसलेली, वर्षानुवर्षं बघितली, आणि अटॅक, स्ट्रोक, हृदयाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. याला बघणं म्हणतात. त्याचेही त्रास आहेत, सगळ्यांना झेपत नाही, पण निदान मोजलंय तरी.

इथपर्यंत लिहून मी उठून गेले होते. परत आले तर राग जरा उतरलाय आणि एक गोष्ट टोचतेय ती लिहूनच टाकते.

क्लिनिकला मी शिव्या घालतेय खरं, पण दादा त्या कागदावर इतका का भाळला? कारण चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी सांगितलं होतं की तुझी चूक नाही. आम्ही कधीच सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. मी त्याला ताटावरून बोललेय, पाहुण्यांसमोर बोललेय, आणि त्याच्या घोरण्याच्या तर आम्ही नकला करायचो. सगळे पोट धरून हसायचो, तोही हसायचा.

ते घोरणं स्लीप ॲप्निया होतं, म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार. एंडोक्रिनॉलॉजिस्ट बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "झोपेत श्वास अडकतो का?" वहिनी म्हणाली, हो, रोज. तपासलं तर रात्रभर अडकत होता आणि बीपी १६० च्या वर. म्हणजे हार्टला खरा धोका होता तो इथे, गाढ झोपच मिळत नव्हती, आणि ते हार्मोन तर सगळ्यात जास्त गाढ झोपेतच सुटतं ना! आम्ही त्यावर हसत होतो आणि क्लिनिकवाले पोटात सुया टोचायला लावत होते. आता रात्री सीपॅप (हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं मास्कचं मशीन) लावतो, बीपीची गोळी घेतो, इंजेक्शनं बंद केल्यावर सूज गेली, शुगरही खाली आली. वजन ११८ चं १०९ झालंय, हळूहळू. मी विचारत नाही, तोच सांगतो.

अंगठी त्याने परत सांधून घेतली. जोड दिसतो.

मघाशी मावसभावाला फोन केला. अर्धा तास हे सगळं सांगितलं, उचक्या, फॅटी ॲसिडं, अंगठी, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, व्हिडिओ डिलीट करतो म्हणाला. मग थोडं थांबून हळूच म्हणाला, "ताई, पण माझापण लो आलाय गं."

रविवारी त्याला घेऊन जातेय त्या बाईंकडे. घोरतोस का विचारलं, तर म्हणाला बायको वेगळ्या खोलीत झोपते.